ऑस्ट्रिया-हंगेरीचे विघटन

ऑस्ट्रिया-हंगेरीचे विघटन म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, मुख्यत्वे ऑक्टोबर व नोव्हेंबर १९१८ या दोन महिन्यांत, मध्य युरोपातील हाब्सबुर्ग राजघराण्याच्या साम्राज्याचे झालेले विभाजन होय. या साम्राज्याच्या भूमीवर चेकोस्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया आणि हंगेरी ही स्वतंत्र राज्ये निर्माण झाली. उर्वरित प्रदेश पुनरुज्जीवित पोलंड, सर्ब-क्रोएट-स्लोव्हीन राज्य (पुढील युगोस्लाव्हिया), रोमेनिया आणि इटली यांच्याकडे गेले. राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचे तत्त्व हा या पुनर्रचनेचा घोषित आधार होता. तथापि वेगवेगळ्या भाषा बोलणारे लोक एकाच जिल्ह्यात, पुष्कळदा एकाच गावात राहत असल्याने प्रत्येक नव्या राष्ट्रात मोठे अल्पसंख्याक समाज सामील झाले. साम्राज्याला न सुटलेला प्रश्न त्याच्या वारस राष्ट्रांना वारशात मिळाला आणि पुढील तीन दशकांतील मध्य युरोपाच्या राजकारणावर त्याचा खोल परिणाम झाला.

पार्श्वभूमी

३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला. जर्मन राज्यांवरील नेतृत्व गमावलेल्या सम्राट फ्रान्झ योझेफला घरातील असंतोष मिटविणे भाग पडले. त्यातून १८६७ मध्ये हंगेरीशी समझोता झाला व एका साम्राज्याची दोन राज्ये बनली. फ्रान्झ योझेफ हा ऑस्ट्रियाचा सम्राट व हंगेरीचा राजा अशा दुहेरी नात्याने राज्य करू लागला. परराष्ट्र व्यवहार, युद्ध आणि या दोहोंसाठी लागणारे अर्थकारण एवढीच तीन खाती समाईक होती. दोन्ही भागांना स्वतंत्र संसद आणि स्वतंत्र मंत्रिमंडळ होते. जकात व समाईक खर्चातील वाटा यांविषयीचे करार दर दहा वर्षांनी नव्याने करावे लागत.

या समझोत्याने जर्मन भाषक आणि हंगेरियन भाषक (मज्यार) या दोन समाजांचे समाधान झाले. चेक, स्लोव्हाक, रोमेनियन, सर्ब, स्लोव्हीन, रुथेनियन (युक्रेनियन) यांना मात्र तसे स्थान मिळाले नाही. १८६८ मध्ये क्रोएशियाने हंगेरीशी स्वतंत्र करार करून मर्यादित स्वायत्तता मिळविली. गॅलिशिया प्रांतात पोलिश उमरावांना कारभाराचे मोठे अधिकार देण्यात आले. १८७८ मध्ये साम्राज्याने बोस्निया व हर्झेगोव्हिना ताब्यात घेतले आणि १९०८ मध्ये ते औपचारिकपणे आपल्यात विलीन केले. या कृतीने सर्बियाशी असलेले वैर विकोपास गेले.

लोकसंख्या आणि भाषाप्रश्न

१९१० च्या जनगणनेनुसार साम्राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी १४ लाख होती. त्यांत जर्मन भाषक सुमारे २३ टक्के, मज्यार २० टक्के, चेक साडेबारा टक्के, पोलिश १० टक्के, रुथेनियन ८ टक्के व रोमेनियन ६ टक्के होते. याखेरीज क्रोएट, सर्ब, स्लोव्हाक, स्लोव्हीन आणि इटालियन भाषक होते. कोणत्याही एका समाजाचे बहुमत नव्हते. ही मोजणीदेखील वादग्रस्त होती. ऑस्ट्रियाच्या भागात व्यक्तीची 'नित्य व्यवहाराची भाषा' विचारली जाई, तर हंगेरीत 'मातृभाषा'. जर्मन मालकाकडे काम करणाऱ्या चेक मजुराची व्यवहारभाषा जर्मन नोंदली जाण्याचा संभव असल्याने प्रत्येक जनगणना ही राजकीय लढाई ठरत असे.

सैन्यात आज्ञांची भाषा जर्मन होती आणि तीत सुमारे ८० शब्दांचा समावेश होता. प्रशिक्षण व दैनंदिन व्यवहारासाठी मात्र प्रत्येक पलटणीतील सैनिकांची भाषा वापरली जाई व ती शिकणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक असे. नागरी कारभारात अशी तडजोड सहजासहजी साधली नाही. १८९७ मध्ये पंतप्रधान काझिमिर बाडेनी याने बोहेमिया व मोराव्हियातील अधिकाऱ्यांना चेक आणि जर्मन या दोन्ही भाषा येणे आवश्यक ठरविणारे आदेश काढले. जर्मन भाषकांनी संसदेत व रस्त्यांवर तीव्र विरोध केल्याने त्याला पायउतार व्हावे लागले. याउलट १९०५ च्या मोराव्हियातील समझोत्यात दोन्ही भाषकांसाठी स्वतंत्र मतदारयाद्या करून प्रश्न बऱ्याच अंशी सोडविण्यात आला. १९०७ मध्ये ऑस्ट्रियाच्या भागात सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला.

हंगेरीत परिस्थिती वेगळी होती. तेथे मताधिकार अल्पसंख्य लोकांपुरताच मर्यादित राहिला. १८६८ च्या कायद्याने इतर भाषकांना शाळा व स्थानिक कारभारात काही हक्क दिले होते, परंतु त्यांची अंमलबजावणी क्षीण होत गेली. १९०७ मध्ये शिक्षणमंत्री आल्बेर्ट ऑपोन्यी याच्या कायद्यानुसार इतर भाषांच्या शाळांतील मुलांना चौथीच्या अखेरीस हंगेरियन भाषेत आपले विचार मांडता आले पाहिजेत, असे बंधन घालण्यात आले. स्लोव्हाक व रोमेनियन समाजांत या कायद्याने मोठी कटुता निर्माण झाली.

असे असले, तरी १९१४ पूर्वी साम्राज्य मोडावे अशी मागणी करणारे पक्ष थोडेच होते. बहुतेक चेक व दक्षिण स्लाव्ह नेत्यांना साम्राज्याच्या चौकटीतच स्वायत्तता हवी होती.

महायुद्ध आणि उपासमार

२८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिप याने युवराज फ्रान्झ फर्डिनंड व त्याची पत्नी सोफी यांची हत्या केली. २८ जुलै रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याचे पर्यवसान महायुद्धात झाले. सर्व भाषांचे सैनिक आज्ञेप्रमाणे आघाडीवर गेले. परंतु पहिल्या काही महिन्यांतच गॅलिशियात रशियाकडून भीषण हानी सोसावी लागली. १९१६ च्या ब्रुसिलोव्ह आक्रमणानंतर साम्राज्याचे सैन्य जर्मनीच्या मदतीवर अधिकाधिक अवलंबून राहिले. संपूर्ण युद्धात दहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले.

साम्राज्याच्या अंतास रणांगणाइतकीच अन्नटंचाईही कारणीभूत ठरली. ऑस्ट्रियाच्या भागातील धान्याचे कोठार असलेला गॅलिशिया युद्धभूमी बनला. दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे आयात थांबली. हंगेरीने आपले धान्य प्रथम स्वतःची जनता व सैन्य यांच्यासाठी राखून ठेवले. एकाच सम्राटाच्या दोन राज्यांत अन्नाचे समान वाटप होऊ शकले नाही, आणि व्हिएन्ना व प्रागमधील रांगांत उभ्या असलेल्या नागरिकांच्या दृष्टीने राज्यसंस्थेचा अर्थच संपत गेला. जानेवारी १९१८ मध्ये पिठाच्या शिध्यात कपात झाल्यावर व्हीनर नॉयश्टाट येथे संप सुरू झाला आणि तो लाखो कामगारांपर्यंत पसरला. १ फेब्रुवारी रोजी कोटोरच्या उपसागरात नौसैनिकांनी बंड केले.

राजकीय दडपशाहीनेही दुरावा वाढला. ऑस्ट्रियाची संसद मार्च १९१४ पासून मे १९१७ पर्यंत बंद होती. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी, ६८ वर्षे राज्य केल्यानंतर, फ्रान्झ योझेफचा मृत्यू झाला. त्याचा वारस कार्ल याने शांततेसाठी फ्रान्सशी गुप्त संपर्क साधला. एप्रिल १९१८ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांनी कार्लचे पत्र प्रसिद्ध केले. या प्रकरणानंतर कार्लला जर्मनीशी अधिक घट्ट बांधून घ्यावे लागले आणि स्वतंत्र तहाची शक्यता मावळली.

परागंदा नेते आणि दोस्त राष्ट्रांचे धोरण

टोमाश मासारिक, एडवर्ड बेनेश आणि स्लोव्हाक शास्त्रज्ञ मिलान श्तेफानिक यांनी परदेशात राहून चेकोस्लोव्हाक राष्ट्रीय परिषद उभारली. रशियातील चेक व स्लोव्हाक युद्धकैदी व रहिवासी यांच्यातून उभ्या राहिलेल्या लष्करी दलाने या परिषदेस वजन प्राप्त करून दिले. जुलै १९१७ मध्ये दक्षिण स्लाव्ह नेते व सर्बियाचे सरकार यांनी कोर्फू येथे संयुक्त राज्याचा जाहीरनामा काढला.

दोस्त राष्ट्रांचा आरंभीचा हेतू साम्राज्य मोडण्याचा नव्हता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या ८ जानेवारी १९१८ च्या चौदा कलमांतील दहाव्या कलमात ऑस्ट्रिया-हंगेरीतील लोकांना स्वायत्त विकासाची संधी मिळावी, एवढेच म्हटले होते. स्वतंत्र तहाची आशा संपल्यावर हे धोरण बदलले. १९१८ च्या उन्हाळ्यात फ्रान्स व ब्रिटनने आणि ३ सप्टेंबर रोजी अमेरिकेने चेकोस्लोव्हाक परिषदेला मान्यता दिली. दुसरीकडे, इटलीला १९१५ च्या लंडन करारान्वये आणि रोमेनियाला १९१६ च्या करारान्वये साम्राज्याचे प्रदेश देण्याचे वचन आधीच दिले गेले होते. स्वयंनिर्णयाचे तत्त्व व ही गुप्त वचने यांच्यातील विसंगती पुढे शांतता परिषदेत उघड झाली.

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ मधील घटनाक्रम

सप्टेंबरअखेर बल्गेरियाने शस्त्रे खाली ठेवल्याने दक्षिणेकडील आघाडी उघडी पडली. १६ ऑक्टोबर रोजी सम्राट कार्लने ऑस्ट्रियाच्या भागाचे राष्ट्रनिहाय संघराज्यात रूपांतर करण्याचा जाहीरनामा काढला. त्यातून हंगेरीला वगळले असल्याने स्लोव्हाक, रोमेनियन आदींना त्यात काहीच नव्हते. दोन दिवसांनी विल्सन यांनी आता केवळ स्वायत्तता पुरेशी नाही, असे कळविले. जाहीरनाम्यानुसार स्थापन झालेल्या राष्ट्रीय परिषदांनी संघराज्याऐवजी स्वातंत्र्याचाच मार्ग धरला.

२८ ऑक्टोबर रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीने विल्सन यांच्या अटी मान्य केल्याची वार्ता प्रागमध्ये पोहोचली आणि लोक रस्त्यांवर उतरले. त्याच सकाळी चेक राष्ट्रीय समितीच्या सदस्यांनी धान्यवाटप संस्थेचा ताबा घेतला होता. सैन्यासाठी चेक प्रदेशातील धान्य बाहेर जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. सायंकाळी चेकोस्लोव्हाक राज्याची घोषणा झाली. हे सत्तांतर जवळजवळ रक्तपाताविना पार पडले. ३० ऑक्टोबर रोजी स्लोव्हाक नेत्यांनी मार्टिन येथे नव्या राज्यात सामील होण्याचे घोषित केले.

२९ ऑक्टोबर रोजी झाग्रेबमधील क्रोएशियन विधिमंडळाने हंगेरी व ऑस्ट्रियाशी असलेले संबंध तोडले. ३१ ऑक्टोबर रोजी बुडापेस्टमध्ये क्रांती होऊन मिहाय कारोयी पंतप्रधान झाले, आणि त्याच दिवशी माजी पंतप्रधान इश्तवान तिसा यांची त्यांच्या घरी हत्या झाली. १ नोव्हेंबर रोजी ल्विव (जर्मन नाव लेंबर्ग) येथे युक्रेनियनांनी सत्ता हाती घेतली. शहरात पोलिश लोक बहुसंख्य आणि आसपासच्या खेड्यांत युक्रेनियन बहुसंख्य, अशी स्थिती असल्याने तत्काळ युद्ध पेटले. नोव्हेंबरअखेर पोलिश सैन्याने शहर घेतल्यावर ज्यू वस्तीत कत्तल व लुटालूट झाली. १८६७ नंतर कायद्याने समान नागरिकत्व मिळालेल्या ज्यू समाजाला कोणत्याही नव्या राष्ट्रावर 'स्वतःचा प्रदेश' म्हणून हक्क सांगता येत नव्हता. साम्राज्य संपल्याने त्यांची स्थिती सर्वाधिक असुरक्षित झाली.

३ नोव्हेंबर रोजी पादुआजवळ व्हिला जुस्ती येथे शस्त्रसंधी झाला. त्याच्या अंमलाच्या वेळेविषयी गोंधळ होऊन तीन लाखांहून अधिक सैनिक इटलीच्या हाती कैद झाले. ११ नोव्हेंबर रोजी कार्लने ऑस्ट्रियाच्या राज्यकारभारातील सहभाग सोडला आणि दुसऱ्याच दिवशी व्हिएन्नात प्रजासत्ताकाची घोषणा झाली. १६ नोव्हेंबर रोजी हंगेरीही प्रजासत्ताक बनले. १ डिसेंबर रोजी आल्बा यूलिया येथे ट्रान्सिल्व्हेनियातील रोमेनियनांनी रोमेनियाशी एकीकरण घोषित केले, आणि त्याच दिवशी बेलग्रेडमध्ये सर्ब-क्रोएट-स्लोव्हीन राज्याची स्थापना झाली.

शांतता तह आणि नव्या सीमा

ऑस्ट्रियाशी १० सप्टेंबर १९१९ रोजी सें-जेर्में येथे आणि हंगेरीशी ४ जून १९२० रोजी त्रियानों येथे तह झाले. ऑस्ट्रियाला राष्ट्रसंघाच्या संमतीवाचून जर्मनीशी एकत्र येण्यास मनाई करण्यात आली. बोहेमिया व मोराव्हियाच्या सीमाभागातील जर्मन भाषकांनी ऑस्ट्रियात सामील होण्याची मागणी केली होती, परंतु ती नाकारण्यात आली. ४ मार्च १९१९ रोजी तेथील शहरांत झालेल्या निदर्शनांवर चेकोस्लोव्हाक सैनिकांनी केलेल्या गोळीबारात पन्नासहून अधिक लोक ठार झाले. दक्षिण टिरोलमधील जर्मन भाषक आणि इस्त्रियातील स्लोव्हीन व क्रोएट लोक इटलीकडे गेले.

त्रियानोंच्या तहाने हंगेरीने आपला दोन तृतीयांशांहून अधिक भूप्रदेश गमावला. सुमारे तीस लाख मज्यार नव्या सीमांपलीकडे राहिले. त्यांपैकी पुष्कळ जण सीमेला लागूनच राहत होते. सार्वमताचा मार्ग थोड्याच ठिकाणी अवलंबिला गेला. ऑक्टोबर १९२० मध्ये दक्षिण कारिंथियात स्लोव्हीन भाषक बहुसंख्य असूनही सुमारे ५९ टक्के मते ऑस्ट्रियाच्या बाजूने पडली. मातृभाषा आणि राष्ट्राची निवड या दोन गोष्टी नेहमी एक नसतात, हे या निकालाने दाखविले. डिसेंबर १९२१ मध्ये शोप्रोन शहराने हंगेरीत राहण्याचा कौल दिला.

अल्पसंख्याकांचा प्रश्न

१९२१ च्या जनगणनेत चेकोस्लोव्हाकियाच्या सुमारे १ कोटी ३६ लाख लोकसंख्येपैकी ३१ लाखांहून अधिक जर्मन भाषक होते. ही संख्या स्लोव्हाकांहूनही अधिक होती. चेक व स्लोव्हाक मिळून एक 'चेकोस्लोव्हाक' राष्ट्र मानले गेल्यानेच बहुमत स्पष्ट दिसत होते. मे १९१८ च्या पिट्सबर्ग करारात स्लोव्हाकांना स्वतंत्र प्रशासन, विधिमंडळ व न्यायालये यांचे आश्वासन होते, परंतु १९२० च्या घटनेने एककेंद्री राज्य निर्माण केले. सर्ब-क्रोएट-स्लोव्हीन राज्यातही १९२१ ची घटना केंद्रानुवर्ती होती. क्रोएट शेतकरी पक्षाचे नेते स्त्येपान रादिच यांच्यावर जून १९२८ मध्ये संसदेतच गोळ्या झाडण्यात आल्या व ऑगस्टमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

दोस्त राष्ट्रांनी नव्या राज्यांवर अल्पसंख्याक संरक्षणाचे करार बंधनकारक केले आणि त्यांच्या देखरेखीचे काम राष्ट्रसंघाकडे सोपविले. चेकोस्लोव्हाकियाच्या कायद्याने एखाद्या न्यायालयीन जिल्ह्यात २० टक्के लोकसंख्या असलेल्या समाजाला शासकीय व्यवहारात आपली भाषा वापरण्याचा हक्क दिला. विजेत्या महासत्तांपैकी एक असल्याने इटलीवर असे बंधन नव्हते. १९२३ मध्ये तेथील फॅसिस्ट सरकारच्या शिक्षणविषयक कायद्याने दक्षिण टिरोलच्या शाळांतून जर्मन माध्यम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आले. तेव्हा लोकांनी घरांत व गोठ्यांत चोरून जर्मन वर्ग चालविले. १९०७ मध्ये हंगेरीतील स्लोव्हाक मुलांना जे भोगावे लागले, त्याहून कठोर सक्ती सोळा वर्षांनी दक्षिण टिरोलमधील जर्मन मुलांच्या वाट्यास आली.

आर्थिक परिणाम

साम्राज्य ही पाच कोटी लोकांची एक बाजारपेठ होती. बोहेमियाचे कारखाने, हंगेरीची शेती, व्हिएन्नाच्या बँका आणि त्रिएस्ते हे बंदर ही एकमेकांस पूरक अंगे होती. १९१८ नंतर त्यांच्यामध्ये जकातनाकी उभी राहिली. सुमारे वीस लाख लोकसंख्येचे व्हिएन्ना हे जेमतेम पासष्ट लाखांच्या देशाची राजधानी बनले. जुने समाईक चलन क्रोन याच्या नोटांवर १९१९ च्या आरंभी प्रथम दक्षिण स्लाव्ह राज्याने व पाठोपाठ चेकोस्लोव्हाकियाने शिक्के मारून आपले चलन वेगळे केले. ऑस्ट्रिया व हंगेरीत प्रचंड चलनवाढ झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने कर्जाचा करार झाल्यानंतर ऑस्ट्रियाचे चलन सावरले.

भारतीय संदर्भ

विल्सन यांच्या घोषणेने वसाहतींतही आशा निर्माण झाल्या. डिसेंबर १९१८ मध्ये दिल्ली येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाने शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळक, महात्मा गांधी व सय्यद हसन इमाम यांना प्रतिनिधी म्हणून निवडले. त्या वेळी लंडनमध्ये असलेल्या टिळकांना पॅरिसला जाण्याची परवानगी मिळाली नाही. मार्च १९१९ मध्ये त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र पाठवून भारतासाठी स्वयंनिर्णयाची मागणी केली, परंतु ती विचारात घेण्यात आली नाही. स्वयंनिर्णयाचे तत्त्व पराभूत साम्राज्यांच्या प्रदेशांपुरतेच मर्यादित राहिले.

पुढील घडामोडी

कार्लने १९२१ मध्ये हंगेरीच्या सिंहासनावर परतण्याचे दोन अयशस्वी प्रयत्न केले. १ एप्रिल १९२२ रोजी मादेइरा बेटावर त्याचा मृत्यू झाला. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केला. सप्टेंबरअखेरच्या म्युनिक कराराने चेकोस्लोव्हाकियाचे जर्मन भाषक सीमाभाग जर्मनीस दिले गेले, तर नोव्हेंबरमध्ये हंगेरीला दक्षिण स्लोव्हाकिया मिळाला. महायुद्धकाळात या प्रदेशातील बहुसंख्य ज्यूंचा संहार झाला. १९४५ नंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनांना हाकलण्यात आले. सीमा माणसांशी जुळविता न आल्याने अखेर माणसेच सीमांशी जुळविण्यात आली. पुढे युगोस्लाव्हिया १९९१-९२ मध्ये रक्तरंजित रीतीने, तर चेकोस्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ रोजी शांततेने विभागला गेला. उझहोरोद हे शहर १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होते. त्यानंतर ते चेकोस्लोव्हाकिया, १९३८ मध्ये हंगेरी, १९४५ मध्ये सोव्हिएत संघ आणि १९९१ पासून युक्रेन असे क्रमाने पाच राज्यांत गेले.

इतिहासकारांची मते

कारोयी मंत्रिमंडळात राष्ट्रीयत्वविषयक मंत्री असलेले ओस्कार यासी यांनी नोव्हेंबर १९१८ मध्ये रोमेनियन नेत्यांपुढे स्वित्झर्लंडच्या धर्तीवर स्वायत्त प्रांतांची योजना मांडली होती. परंतु तोपर्यंत वेळ टळून गेली होती. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी साम्राज्याला जोडणाऱ्या व तोडणाऱ्या शक्तींची मीमांसा केली आणि विघटनाची मुळे दीर्घकालीन असल्याचे प्रतिपादन केले. ब्रिटिश इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांचाही कल याच मताकडे होता. अलीकडच्या काळात पीटर जडसन यांच्यासारख्या इतिहासकारांनी १९१४ पूर्वीचे साम्राज्य मरणोन्मुख नव्हते, त्याच्या शाळा, न्यायालये व निवडणुका यांत सर्व भाषक लोक सहभागी होत होते, आणि युद्धकाळातील भूक व लष्करी अंमल यांनीच राज्यावरील विश्वास नष्ट केला, असे मत मांडले आहे. नवी राज्येही पुष्कळ अंशी साम्राज्याचेच कायदे, कचेऱ्या आणि अधिकारी घेऊन उभी राहिली, याकडेही हे इतिहासकार लक्ष वेधतात.